जामखेडची आरोग्यसेविका आणि तिच्या श्रमाचे मोल



‘आंतरसांस्कृतिक शुश्रूषा’ हा विषय आता परिचारिकांच्या अभ्यासक्रमात रूढ झाला आहे. मॅडलिन लायनिंगर या अमेरिकन परिचारिकेने मानववंशशास्त्राचा अभ्यास करून ही ज्ञानशाखा उभी केली. तिच्यावरील त्यांचा पहिला ग्रंथ १९७० साली निघाला. रोग्याच्या समजुती, त्याचे अन्न, त्याच्या घरातील जन्ममृत्यूचे विधी जाणून घेतल्यावाचून शुश्रूषा पुरी होत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे शिक्षण आटोपून अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात आले. या दोन घटनांचा परस्परसंबंध नव्हता. परंतु लायनिंगरबाईंनी ग्रंथात मांडलेला प्रश्न जामखेडमध्ये रोजच्या व्यवहारात उभा राहिला, आणि तो उभा राहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. जामखेड आणि त्याच्या शिवारातली खेडी यांच्यामध्ये तेवढे अंतर पुरेसे होते.

आरोळ्यांची पहिली योजना कोणाही सुशिक्षिताला सुचेल अशीच होती. प्रशिक्षित नर्सबाईंना गावोगाव राहावयास पाठवायचे. ती फसली. एकट्या तरुण परक्या स्त्रीला खेड्यात राहणे कठीण, आणि तिचे म्हणणे गावातल्या सासवांच्या पचनी पडणे त्याहून कठीण. तेव्हा गावातीलच एखादी बाई निवडून तिला शिकवा, असा विचार खेड्यांतूनच पुढे आला. निवडल्या गेलेल्या अनेकजणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, शिकत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला जेवत. जातींची उतरंड जिथे पाण्याच्या घागरीपर्यंत पोहोचलेली, तिथे ही पंगत हाच पहिला धडा होता.

या स्त्रियांजवळ एक भांडवल असे होते की जे कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही. गर्भारपणी जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडते, म्हणून पोटाला चिमटा घ्यावा, ही समजूत त्यांनी स्वतः पाळलेली होती. नवजात अर्भक पहिल्या पंधरवड्यात आचके देऊन जाते, ते सटवाईच्या लिखितामुळे नसून नाळ कापणाऱ्या अस्वच्छ विळ्यातून शिरलेल्या धनुर्वातामुळे, हे शेजारणीच्या ओसरीवर बसून सांगायला त्याच योग्य होत्या. सटवाईची टवाळी करणारा डॉक्टर एका वाक्यात गाव गमावतो. सेविका पाचवीची पूजा होऊ देत असे, पण नाळेसाठी उकळलेले पाते आणि आईसाठी धनुर्वाताची लस यांचा आग्रह सोडत नसे. हगवणीने सुकलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, गोवरातून उठलेल्या मुलाचे अन्न न तोडणे, कुष्ठरोग हे पाप नव्हे हे पटविणे, असे हे काम होते. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे आरंभी या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकाअखेर हे प्रमाण तिशीच्या आत आले.

हे केवळ औषधाने घडले असे मानणे म्हणजे रोगाचे अर्थशास्त्र न समजणे होय. १९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदताना त्या दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला गेला. सवर्ण बायकांना घागर घेऊन तिथे जावे लागले, आणि अस्पृश्यतेवरील शंभर व्याख्यानांनी जे साधत नाही ते एका हातपंपाने थोडेफार साधले. शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे यांचाही या यशात वाटा आहे.

जगाने याची दखल लवकर घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवेवरील ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. १९७८ साली आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९२ साली जामखेडला प्रशिक्षण संस्था निघाली आणि अनेक देशांतील डॉक्टर व परिचारिका तिथे शिकू लागल्या. मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविकेने वॉशिंग्टनच्या परिषदेत डॉक्टरांना महागड्या झुंबराची उपमा दिली आणि स्वतःला एका पणतीने दुसरी पेटविणाऱ्या दिव्याची. ज्ञान नेहमी पश्चिमेकडून येते, हा समज त्या सभागृहात उलटा झाला.

आता दुसरी बाजू. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने देशभर ‘जनस्वास्थ्य रक्षक’ योजना सुरू केली. आरोग्यमंत्री होते समाजवादी चळवळीतले राजनारायण. कल्पना उत्तम, पण निवड झाली ती बहुतेक पुरुषांची, आणि पुष्कळ ठिकाणी गावपुढाऱ्यांच्या वशिल्याने. म्हणजे जामखेडचा गाभाच वगळला गेला. हे आपल्या माणसाच्या कारकिर्दीत घडले, म्हणून त्याचा उल्लेख टाळण्याचे कारण नाही. महिना पन्नास रुपये मानधनावर राबणारी ही माणसे प्रथम ‘कार्यकर्ता’ होती. १९८० साली तिचे नाव ‘स्वयंसेवक’ झाले. शब्द बदलला की वेतनाचा प्रश्न कायद्याच्या बाहेर ढकलता येतो.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. साधारण हजार लोकवस्तीला एक, गावातलीच आणि या वेळी स्त्रीच. जामखेडचा निम्मा धडा तरी शासन शिकले. उरलेल्या निम्म्यात मात्र सोयीस्कर वाचन आहे. आरोळ्यांनीही सेविकेला पगारी नोकर केले नव्हते. तिने संस्थेला नव्हे, गावाला जाब द्यावा अशी ती भूमिका होती, आणि तिच्या उपजीविकेसाठी शेळीपालनासारख्या लहान धंद्यांना हात दिला जाई. एका स्वयंसेवी संस्थेच्या मर्यादित क्षेत्रात हे निभते. तिथून केवळ बिनपगारीपणा उचलून तो लाखो स्त्रियांवर लादणे, वर नोंदवह्या, सर्वेक्षणे आणि मोबाइलमधील माहितीची भरताड घालणे, याला आदर्शाचे अनुकरण म्हणता येणार नाही. ही काटकसर आहे, आणि ती गरीब स्त्रीच्या वेळेतून केलेली आहे.

विरोधाभास असा की शुश्रूषेला आंतरराष्ट्रीय बाजारात भाव आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. नगर जिल्ह्यातली एखादी मुलगी जर्मन भाषा शिकून तिकडे गेली तर तिचे स्वागतच. तिथे परक्या समाजातील वृद्धाची सेवा करण्याच्या तिच्या कौशल्याला वेतनश्रेणी असेल. तेच कौशल्य वापरून तांड्यावर, पारधी वस्तीवर, ऊसतोडणी कामगारांच्या कोपीवर जाणाऱ्या तिच्या बहिणीला कामागणिक मोबदला मिळतो, तोही महिनोन्‌महिने थकतो.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्याआधी, जून २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या, आणि २०२४ च्या आरंभी आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या. मागणी कामगार म्हणून मान्यतेची आणि दिलेल्या आश्वासनांच्या पूर्ततेची. भारतीय श्रम परिषदेच्या २०१३ मधील ४५ व्या अधिवेशनाने योजनाकर्मींना कामगार मानावे अशी शिफारस केली होती. त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार हे तिन्ही पक्ष बसलेले असतात. शासनाच्या दफ्तरी आशा आजही ‘स्वयंसेविका’ आहे.