आफ्रिकेच्या जंगलात जाण्याआधी
(भिलाईतील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



चित्ता पाहायला आज आपण आफ्रिकेत जातो, पण तो एकेकाळी आपल्याच मुलखात होता. १९४७ साली कोरियाचे महाराज रामानुज प्रताप सिंहदेव यांनी तीन चित्ते मारले. भारतातले अखेरचे चित्ते म्हणून त्यांचीच नोंद दिली जाते. हे कोरिया म्हणजे आपल्या छत्तीसगडच्या उत्तरेचा भाग. १९५२ साली हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आणले, त्याचा आनंद आहेच. तरी उघड्या माळावर शिकारीला निघालेला चित्ता पाहायचा, तर केनिया नाहीतर टांझानिया गाठावे लागते. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेली बरीच मंडळी इथे बसली आहेत आणि त्यातल्या काहींचा हा बेत शिजतो आहे. त्यांच्यासाठी आज बोलतो.

विमानाचे तिकीट काढण्याआधी पिवळ्या तापाच्या लशीचा विचार करा. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे या लशीचा दाखला नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. आता साठी ओलांडलेल्यांनी नीट ऐकावे. या वयात ही लस पहिल्यांदाच घेतली, तर गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती दबवणारी औषधे चालू असतील, तरीही तसेच. डॉक्टरांना सगळे सांगा, आणि ते नको म्हणाले तर हट्ट धरू नका, देश बदला. दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, नामिबिया हे पिवळ्या तापाचे देश नाहीत, आणि जंगल तिथेही उत्तम आहे. मात्र वाटेत नैरोबी किंवा अदिस अबाबाला मुक्काम पडत नाही ना, एवढे तिकिटावर तपासून घ्या. बारा तासांहून जास्त थांबलात, तर दक्षिण आफ्रिका तो दाखला मागते.

मलेरियाबद्दल दल्ली-राजहराच्या खाणींवर नोकरी केलेल्यांना मी काय सांगणार! पण बस्तरचा ताप अंगावर काढला म्हणून आफ्रिकेतला सोसेल, असे मात्र मुळीच समजू नका. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, जिवावर बेतणारा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि घरी परतल्यावरही ठरल्या दिवसांपर्यंत चालू ठेवा. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर दवाखान्यात पाऊल टाकताच आफ्रिकेत जाऊन आल्याचे सांगा. हे न सांगितल्यामुळे निदानाला उशीर होतो आणि माणसे दगावतात.

नातवंडांना मे महिन्याच्या सुटीत न्यावे, असे प्रत्येकाला वाटते. पण एप्रिल-मे हा पूर्व आफ्रिकेतला मोठा पावसाळा. गवत कमरेएवढे वाढते, गाड्या चिखलात रुततात. केनियातल्या मसाई मारात विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास, आणि तेव्हा गर्दीही तेवढीच. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत टांझानियातल्या दक्षिण सेरेंगेटीत हेच कळप वितात, पाडसांमागे शिकारी प्राणी येतात. मला हा काळ अधिक आवडतो.

सामानाचे थोडक्यात. छोट्या विमानाने मारात जाणार असाल, तर साधारण पंधरा किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊ लागते, चाकांची कडक सूटकेस चालत नाही. गडद निळे आणि काळे कपडे घरी ठेवा, त्सेत्से माशी त्या रंगांवर झेपावते. लष्करी छापाचे कपडे तर नकोतच, काही देशांत त्यांवर बंदी आहे. स्वेटर न्या, कारण टांझानियातल्या गोरोंगोरो विवराच्या काठावर पहाटे आपल्या डिसेंबरपेक्षाही जास्त थंडी वाजते. केनियात २०१७पासून आणि टांझानियात २०१९पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू स्टीलच्या डब्यांतून न्या. ज्यांना वारंवार लघवीला जावे लागते किंवा इन्सुलिन घ्यावे लागते, त्यांनी चालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही.

आता प्रत्यक्ष जंगल पाहण्याविषयी. आपल्याकडे कान्हात सालाच्या गर्द रानात वाघ आधी कानांनी शोधावा लागतो. चितळ ओरडले, वानराने इशारा दिला, की जिप्सीतले सगळे श्वास रोखतात. मारात तसे नाही, माळ उघडा असल्याने सगळे डोळ्यांसमोर असते. त्यामुळे लोक यादी घेऊन धावत सुटतात: सिंह झाला, हत्ती झाला, आता बिबट्या दाखवा. सहा दिवसांत चार उद्याने करण्यापेक्षा एकाच जागी चार रात्री राहा. उरलेला वेळ रस्त्यावर न जाता जनावरांजवळ जाईल.

आणि हे यादीमागे धावणे चित्त्याला फार महागात पडते. रात्र सिंह आणि तरसांची, म्हणून चित्ता बहुधा दिवसा शिकार करतो. म्हणजे त्याच्या कामाची वेळ आणि आपल्या फिरण्याची वेळ एकच. रेडिओवर खबर गेली, की गाड्या चहूबाजूंनी येतात. हरीण सावध होते, शिकार हुकते, पिल्ले उपाशी राहतात. २०१८ साली मारातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी पर्यटक असलेल्या भागात चित्त्याची मादी एका विणीतली सरासरी २.३ पिल्ले वाढवू शकत होती, तर जास्त पर्यटकांच्या भागात हाच आकडा ०.२ होता. नियम आहेत: एका प्राण्याजवळ पाचापेक्षा जास्त गाड्या नकोत, अंतर किमान २५ मीटर हवे. पण चालकाची बरीचशी मिळकत पाहुण्यांच्या बक्षिसीवर असते, आणि पाहुण्यांना जवळूनच पाहायचे असते असे तो धरून चालतो. म्हणून तुम्ही बोलले पाहिजे.

पहिल्याच सकाळी, गाडी सुरू होण्याआधी त्याला सांगा: चित्ता दिसला तर लांब थांब, आधीच पाच गाड्या असतील तर पुढे चल, आमची तक्रार नाही आणि तुझी बक्षिसी कमी होणार नाही. दुर्बीण मात्र प्रत्येकाची वेगळी न्या.