थंडीतले पाहुणे आणि मुलांची बोली

आम्ही बाळकुमच्या बचत गटातल्या बायका. आळीपाळीने बालवाडीत मदतीला जातो. आज तिथलीच एक गोष्ट सांगायची आहे.

आमच्याकडे कामासाठी बाहेरून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांच्या घरात हिंदी, भोजपुरी बोलतात आणि बालवाडीत मराठी. गेल्या वर्षी चार वर्षांची एक मुलगी आली. दिवाळी झाली तरी तोंडातून शब्द नाही. आम्हीच आपसात म्हणालो, "हिला समजत नसावं." चूक आमची होती. नवी भाषा कानावर पडताना मूल बरेच दिवस नुसतं ऐकतं. तेवढ्यावरून त्याला मंद म्हणू नये.

भिंतीवर थंडीच्या प्राण्यांचा तक्ता होता. त्यात बर्फ, पांढरं अस्वल आणि पेंग्विन. आमच्या मुलांनी बर्फ पाहिलाय तो फक्त मासळीच्या टोपलीत! मग ठरवलं, सणाची वाट पाहायची नाही. नाताळ नको, संक्रांत नको. साध्या दिवसांत आपल्याच थंडीतले प्राणी शिकवायचे.

पहिला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. थंडी सुरू झाली की ठाण्याच्या खाडीत हे पक्षी येतात, बरेचसे कच्छकडून, आणि पावसाच्या तोंडावर परततात. २०१५ साली इथे त्यांचं अभयारण्य झालं. पिल्लू राखाडी असतं. मोठेपणी खाण्यातल्या रंगद्रव्यामुळे गुलाबी होतं. मान उलटी करून चोचीने चिखलपाणी गाळून खातं. मुलांना हे फार आवडलं.

दुसरी मेंढी. पावसाळा सरला की धनगर देशावरून कळप घेऊन कोकणात उतरतात. तिसरं तिचं कोकरू.

हे तिघेच का? कारण मराठीत तो, ती, ते आहे. रोहित आला, मेंढी आली, कोकरू आलं. हिंदीत 'ते' नाही, म्हणून मुलं "कोकरू आला" म्हणतात. त्याला हसायचं नाही. आपण फक्त म्हणायचं, "हो, कोकरू आलं." दहादा बरोबर कानावर पडलं की जिभेवर येतं.

शिकवायची रीत सोपी आहे. पहिल्या दिवशी मुलांनी बोलायचंच नाही, करून दाखवायचं. "रोहित आला" म्हटलं की एका पायावर उभं राहायचं. "मेंढी आली" म्हटलं की गवत खायचं. दुसऱ्या दिवशी चित्रं मांडून विचारायचं, "मेंढी कुठे आहे?" बोट दाखवलं तरी उत्तर झालं. तिसऱ्या दिवशी "ही मेंढी आहे का?" हो किंवा नाही एवढंच. बोलणं त्यानंतर. रोज दहा मिनिटं, तीनच प्राणी, तेच तेच वाक्य. परदेशात स्पॅनिश शिकणाऱ्या लहान मुलांनाही असंच हावभावांनी शिकवतात. तिथे आपल्या रोहितला फ्लामेंको म्हणतात.

आणखी एक. घरची भाषा बंद करू नका. मूल "भेड़" म्हणालं तर म्हणायचं, "शाब्बास, भेड़ म्हणजे मेंढी." आम्ही आयांना सांगितलं, रात्री तुमच्या बोलीत मेंढीची गोष्ट सांगा. ज्याला एका भाषेत गोष्ट कळते, त्याला दुसरीत फक्त शब्द शोधायचे उरतात.

आठव्या की नवव्या दिवशी आम्ही कापसाचं कोकरू टोपलीखाली लपवलं. टोपली उचलली आणि मागून बारीक आवाज आला, "आलं." तीच मुलगी होती. आला नाही, आली नाही, आलं! आम्ही एकमेकींकडे पाहतच राहिलो. संध्याकाळी तिची आई न्यायला आली, तेव्हा तिने स्वतः आईचा हात धरून टोपलीपाशी नेलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात खाडी नसेल, तर तळ्यावरची बदकं असतील, शेतात उतरलेला मेंढ्यांचा वाडा असेल. जे दारात येतं, त्यापासून सुरुवात करा. आणि गप्प बसलेल्या मुलाला थोडा वेळ द्या. ते ऐकतंय.