मूठभर दाण्यांचा आधार

(गावच्या निधीसाठी ठेवलेल्या भजनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज देवळापुढं भजन आहे, लेझीम आहे. आणि शेजारी दोन रिकामी पोती उभी केली आहेत. घरी जाताना जो तो त्यात मूठ-दोन मूठ धान्य टाकणार आहे. कोणी रुपये देईल. हे कशासाठी, ते सांगायला आम्ही उभे आहोत.

गोष्ट बोलायला अवघड आहे, म्हणून सरळच सांगतो. ज्या बाईवर, ज्या मुलीवर बलात्कार झाला, तिला पुन्हा उभं करण्यासाठी हा निधी आहे. हा शब्द ऐकला की आपल्या माना खाली जातात. माना खाली घालू नका. चोरी झाली तर आपण चोराला नावं ठेवतो. ज्याचं घर फुटलं त्याला कोणी नावं ठेवत नाही. मग इथंच उलटा न्याय का? अब्रू जाते ती वाईट काम करणाऱ्याची. जिच्यावर अन्याय झाला, तिची अब्रू जशीच्या तशी असते.

हे काम आपल्या मुलखाला नवं नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ज्या विधवा बायांना कोणी फसवलं, कोणी जबरदस्ती केली, त्यांना जगात कुठं थारा नव्हता. त्या तिथं गुपचूप येत आणि सुखरूप बाळंत होत. आधी आधार, मग बाकीचं, असा तो धडा होता.

मूठभर दाण्यांची रीतही जुनीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. गरिबाच्या पोरांना वसतिगृहात खायला हवं होतं. तेव्हा घरोघरच्या बाया दळणातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत. एका मुठीनं कोणाचं घर रिकामं झालं नाही. पण त्या मुठींवर पोरं शिकली.

आता कोणी विचारील, की यासाठी सरकार आहे, कायदा आहे, मग गावानं पैसा कशाला गोळा करायचा? चांगला सवाल आहे. कायद्यानं काय मिळतं ते आधी पाहू.

१९७२ सालची हकिकत आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंज इथं एक आदिवासी पोरगी होती. आईबाप नव्हते. भावाजवळ राहून मजुरी करी. एका तक्रारीसाठी तिला पोलीस ठाण्यात नेलं. ठाण्यातच आपल्यावर अत्याचार झाला, असं तिनं बाहेर येऊन सांगितलं. सेशन कोर्टानं दोघा पोलिसांना सोडलं. हायकोर्टानं शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर माराच्या खुणा नाहीत, असं कारण त्यात होतं. भीतीनं माणसाचे हातपाय गळतात, हे कोणी ध्यानात घेतलं नाही.

मग १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी कोर्टाला उघड पत्र लिहिलं. गावोगावच्या, शहरोशहरच्या बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. अशा बाईचं नाव छापणं गुन्हा ठरला. पुढे २०१३ साली कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं, की बाईनं अंगानं झुंज दिली नाही, म्हणजे ती राजी होती असं मानायचं नाही. एका मजूर पोरीनं तोंड उघडलं, त्याचा आधार आज देशातल्या साऱ्या लेकीबाळींना आहे.

आज कायदा काय म्हणतो, ते नीट लक्षात ठेवा.

कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. "ही आमची हद्द नाही" असं म्हणून परत पाठवता येत नाही. तक्रारीची नक्कल फुकट मिळते.

दवाखाना सरकारी असो की खाजगी, उपचार फुकट करावे लागतात. दवाखान्यात लवकर न्यावं, तीन दिवसांच्या आत. रोग आणि गर्भ टाळायची औषधं वेळेतच लागू पडतात. त्याआधी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. पण धुतले असले, उशीर झाला असला, तरी जावंच.

मूल १८ वर्षांच्या आतलं असेल, मुलगी असो की मुलगा, तर ज्याला कळलं त्यानं पोलिसांना सांगितलंच पाहिजे. गप्प बसणं हाही गुन्हा आहे.

आपल्या राज्यात २०१३ सालापासून मनोधैर्य योजना आहे. तिच्यातून पैशाची मदत मिळते. जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. तिथं चौकशी करावी. वकीलही तिथं फुकट मिळतो. फोन करायचा तर ११२ किंवा १८१, आणि मुलांसाठी १०९८.

एवढं सगळं आहे. मग अडतं कुठं? अडतं ते एस.टी.च्या तिकिटाला. सरकारची मदत कागद पुरे झाल्यावर येते. पण दवाखान्यात आजच जायचं असतं. बाई मजूर असेल तर तिची रोजी बुडते. सोबतीला आई गेली, तर आईचीही बुडते. कोर्टाची तारीख पडते, पुन्हा पडते. दर वेळी भाडं, दर वेळी खाणं. घरी चूल पेटायची कशी? मग समोरचा माणूस पैसे घेऊन दाराशी येतो. म्हणतो, "मिटवून टाका." पोटाला चिमटा बसला की न्याय हातचा सुटतो. तो सुटू नये, म्हणून ही पोती.

हिशेब करा. २०० घरांनी महिन्याला एक-एक किलो ज्वारी दिली, तर दोन क्विंटल होते. तेवढ्यात एका घराची चूल कितीतरी दिवस चालेल.

पण निधी नीट सांभाळला पाहिजे. आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली. हा निधी बारा महिने गोळा करायचा. कोणावर प्रसंग आल्यावर पोतं मांडलं, तर सारा गाव विचारील, "कोणासाठी?" आधीच भरून ठेवलं, तर कोणी विचारणार नाही.

दुसरी. वहीत जमा लिहायची, खर्च लिहायचा, पण नाव लिहायचं नाही. नुसता आकडा लिहायचा. ती वही सगळ्यांनी पाहावी.

तिसरी. पैसा तिघांच्या हाती राहील. त्यांत दोन बाया असतील. कारण बाईचं दुःख बाई आधी बाईलाच सांगते.

चौथी. तडजोडीला यातला एक पैसाही जाणार नाही. "त्याच्याशीच लग्न लावून द्या" असं म्हणणाऱ्यांच्या बैठकीला या निधीतून चहासुद्धा मिळणार नाही. तक्रार करायची की नाही, हे सज्ञान बाईनं स्वतः ठरवावं. तिनं तक्रार केली नाही, तरी तिचा दवाखाना आणि तिची भाकरी थांबणार नाही.

आणखी एक विनंती आहे. पैसे देता येत नसतील त्यांनी निदान एवढं करावं. पाणवठ्यावर, पारावर कुजबुज करू नये. "ती रात्री तिथं गेलीच कशाला?" असं विचारू नये. तिला हळदीकुंकवाला बोलवावं, कामावर सोबत न्यावं. यालाही दानच म्हणतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो, आणि असले गुन्हे झाकून टाकतो. त्यानं गुन्हेगाराचंच फावतं. तिचं नाव झाकायचं, गुन्हा झाकायचा नाही. आणि आपली मूठ तर आज उघडायचीच. पोती समोर आहेत. या, एकेक जण पुढं या.