परमुलूख गावातच होता

(छत्रपती संभाजीनगर येथे युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



मी गोदीतला कामगार. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलंत. विषय दिलात, गोऱ्यांच्या पलटणीत लढून नंतर परमुलखात कायम झालेला शिपाई. मला वाटलं सोपं आहे. मुंबई बंदरातूनच पलटणी बोटीवर चढल्या. अ‍ॅबिसिनियाला गेल्या, एडनला गेल्या, बसऱ्याला गेल्या. आपल्यातला कोणीतरी तिकडंच राहिला असेल, त्याला शोधू. शोधता शोधता हाती लागला गोपाळबाबा वलंगकर. हा माणूस समुद्रापल्याड राहिला नाही. दापोलीत राहिला. पण त्याचं आयुष्य वाचलं आणि म्हटलं, परमुलखात राहिलेला आपला शिपाई हाच.

कसा, ते सांगतो.

वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. पलटणीत नोकरी केली, १८८६ साली पेन्शन घेतली आणि दापोलीच्या कॅम्पात राहिले. दापोलीत महार, चांभार पेन्शनरांची वस्तीच झाली होती. आता विचारा, लोक नोकरी संपली की घरी जातात, हे का गेले नाहीत? मी विचारतो, घर कुठं होतं? गावात महारवाडा होता. येसकरपाळी होती. मेलेलं ढोर ओढायचं होतं. भाकरीचे तुकडे मागायचे होते. ज्याच्या अंगावर वीस-वीस वर्षं सरकारी डगला होता, त्यानं परत जाऊन पाटलाच्या दारात हात जोडून उभं राहायचं? तो गावाबाहेरच राहिला. त्याच्यासाठी परमुलूख म्हणजे त्याचं स्वतःचं गाव.

पलटणीत तरी स्वर्ग होता का? नव्हता. गोऱ्याला आपला कळवळा नव्हता, त्याला स्वस्तात छाती पाहिजे होती. पण पलटणीत दोन गोष्टी मिळाल्या. एक, रोख पगार. तो गावच्या बलुत्यातून येत नव्हता, म्हणून गावाचा त्यावर ताबा नव्हता. दुसरी, शाळा. शिपायांच्या मुलामुलींना तिथं शिकणं सक्तीचं होतं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत हेडमास्तर होते. बाबासाहेब १८९१ ला महूच्या छावणीत जन्मले. रामजीबाबाही पेन्शनीनंतर काही काळ दापोलीतच राहिले. आणि त्याच दापोलीत नगरपालिकेच्या शाळेत आपल्या पोरांना घ्या म्हणून पेन्शनरांना अर्ज करावे लागले. मग पोरांना बसवलं कुठं? शाळेच्या ओटीवर. बाप सरकारचा शिपाई, पोरगं ओटीवर!

वलंगकर गप्प बसले नाहीत. जोतिबा फुल्यांच्या विचारानं ते पेटलेले होते. ‘दीनबंधू’त लिहीत होते. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ काढलं. वरच्या जातींना सरळ प्रश्न विचारले. विटाळ आला कुठून, सांगा. मग अनार्य दोष परिहार मंडळ काढलं. पन्नास वर्षांपूर्वी पँथरनं आरोळी ठोकली, पण तिच्या ऐंशी-नव्वद वर्षं आधी एक पेन्शनर दापोलीत बसून पोथीवाल्यांना जाब विचारत होता. पोट पेन्शनवर होतं म्हणून तोंड उघडता आलं. हे लक्षात ठेवा. ज्याची भाकरी गावच्या हातात, त्याची जीभही गावच्याच हातात.

आणि सरकारनं काय केलं? १८९०च्या सुमाराला साहेबांनी नवं शास्त्र काढलं. म्हणे काही जाती लढवय्या आणि काही नाहीत. महारांची भरती बंद. कोरेगावच्या खांबावर १८१८ च्या लढाईतली नावं कोरलीत, त्यातल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ते नाव कोरणारं सरकारच आता म्हणालं, तुम्ही लढवय्ये नाही. मनूचं शास्त्र कमी पडलं म्हणून की काय, विलायतेचं आलं.

१८९४ ला वलंगकरांनी भरतीसाठी अर्ज तयार केला. त्यात म्हटलं, आम्ही मूळचे क्षत्रिय. इथं मी अडखळलो. आपल्याच मंडळाला ‘अनार्य’ नाव देणारा माणूस अर्जात ‘क्षत्रिय’ का लिहितो? तुम्ही रागावू नका, मीही रागावलो होतो. मग मुकादमासमोर उभं राहून काम मागताना मी स्वतः काय काय बोललोय ते आठवलं. मागणाऱ्याला देणाऱ्याची भाषा बोलावी लागते. मंडळाचं नाव आपल्या माणसांसाठी होतं, अर्ज साहेबासाठी होता. आणि साहेबाची भाषा बोलूनही दार उघडलं नाही.

१८९५ ला वलंगकरांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं. बोर्डावरच्या उच्चवर्णीयांचं पित्त खवळलं. एक महार आपल्या शेजारी बसणार! वर्तमानपत्रांत वाद माजला. १९०० साली वलंगकर वारले.

पुढं १९१७ ला पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा आपण पुन्हा लढवय्ये झालो. १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ ला पलटण मोडली. १९४१ ला दुसरं महायुद्ध अंगावर आलं, तेव्हा महार रेजिमेंट उभी राहिली. गरज लागली की शूर, गरज सरली की अस्पृश्य. हा हिशेब पाठ करा. एक जानेवारीला कोरेगावला आपण जातो, मीही जातो. पण खांबासमोर छाती फुगवताना हा हिशेबही मनात ठेवा.

मग शिपायांचं उरलं काय? बंदूक तर सरकारजमा झाली. उरली ती शिकलेली पोरं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर चालत गेले. ते महाडच, वलंगकरांच्या गावाजवळचं. अस्पृश्य शेजारी नको म्हणून ज्या महाडात बोंब झाली, तिथंच सुभेदाराच्या पोरानं पाणी हातात घेतलं. त्याच परिषदेत त्यांनी लष्करभरती बंद झाल्यानं समाज कसा खचला ते सांगितलं, आणि मेलेलं मांस सोडा, महारकी सोडा असंही सांगितलं. १९५० ला ते या तुमच्या शहरात आले ते मिलिंद कॉलेज घेऊन. दापोलीच्या ओटीवरून इथवर यायला साठ वर्षं लागली.

आता तुमच्याकडं बघतो. तुमच्यातल्या कितीजणांचे आजा-आजी १९७८ च्या नामांतराच्या जाळपोळीत गाव सोडून इथं आले? कोणी अंगावरच्या कपड्यानिशी आलं असेल. इथं झोपडी टाकली, नाक्यावर उभे राहिले, कायम झाले. म्हणजे आपण सगळे दापोलीचे पेन्शनरच. फरक एवढाच, आपल्याला पेन्शन नाही. पण गावच्या भाकरीतून सुटलोय. जीभ आता आपली आहे.

तिचं काय करणार, एवढंच विचारायला मी आलोय. शहरात खोली मिळाली, नोकरी मिळाली, की मुक्काम आला असं समजून दार लावून घेणार? वलंगकरांनाही ते करता आलं असतं. पेन्शन होती, घर होतं. त्यांनी दार उघडं ठेवलं आणि लिहायला बसले.

तुम्हीही बसा. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, कुठून आलात, कशानं आलात. लिहून घ्या. ही माणसं गेली की कोणत्याच खांबावर त्यांची नावं सापडणार नाहीत.

जयभीम!