येझदीचा करंट जातो कुठं?

आजचा भाग उमरग्यातनं. मागं हैदराबाद हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

विषय आहे जुन्या येझदीचं इग्निशन, आणि मोटोक्रॉसचं भूत डोक्यात शिरलेला माझा चुलतभाऊ. गाडी माझ्या थोरल्या काकांची. 250 सीसी, दोन सायलेन्सर, किक आणि गिअर एकाच दांडीवर. भावाला ती लाईट-बिईट काढून ज्वारीच्या मोकळ्या रानात पळवायचीय, बांधावरनं उडवायचीय. ऐकायला येडेपणा वाटतो, पण त्याचं अगदीच चुकीचं नाही. येझदी म्हणजे मूळची चेकोस्लोव्हाकियाची जावा, जी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यानं 1960 च्या दशकापासून 1996 पर्यंत आपल्याकडं बनवली. त्याच देशाच्या सीझेड गाडीवर बेल्जियमच्या जोएल रोबेरनं 1964 ला 250 सीसीचं मोटोक्रॉस विश्वविजेतेपद घेतलं. पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिक्सनं 1966 ते 1968 सलग तीन वर्षं 500 सीसीचं. तेव्हा चिखलमाती या खानदानाला नवीन नाही.

आता दुखणं ऐका. गाडी थंड असली की दोन किकमध्ये सुरू. वीसेक मिनिटं मस्त पळते, मग मिसिंग, मग बंद. प्लग काढून बघितला तर करंटच नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की जणू काही झालंच नव्हतं, परत सुरू. भावाचा निकाल तयार होता: "हे पॉइंट-बिइंट काढून फेकू, 12 व्होल्टचं सीडीआय किट टाकू."

काका नको म्हणाले. का, ते सांगायला पाहिजे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. सास्तूर तेव्हा आपल्याच तालुक्यात होतं, आणि तिथं माझी आत्या दिलेली. काका उजाडायच्या आत याच गाडीवर निघाले. जाताना एकटे होते. येताना मागं आत्याच्या दोन पोरी होत्या. आत्याबद्दल ते बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही. तर या गाडीचा एक स्क्रू बदलायचा असला तरी आधी काकांना विचारायचं.

म्हणून किट आणण्याआधी आम्ही खरा बिघाड शोधायला बसलो. ही गाडी 6 व्होल्टची. बॅटरीचा करंट कॉइलमधनं जातो, पॉइंट बंद असेपर्यंत वाहतो. पॉइंट उघडला की तो झटक्यात तुटतो आणि त्या झटक्यातनं कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. सगळा खेळ त्या 'झटक्यात' शब्दावर आहे. करंट पॉइंटच्या फटीतनं उडी मारत रेंगाळला तर प्लगला काही उरत नाही. तसं होऊ नये म्हणून तिथं करंगळीएवढा कंडेन्सर असतो. आणि तो बसवलाय कुठं? उजव्या बाजूला कव्हरच्या आत, डायनामोवर. इंजिनच्या कडेला, भट्टीशेजारी! चाळीस वर्षं तापून कुठलाही कंडेन्सर थकणारच, आणि आमच्याकडं एप्रिल-मेचं ऊन वेगळंच.

चौरस्त्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ओळखायची रीत दाखवली. गाडी गरम होऊन बंद पडली की तेव्हाच कव्हर उघडायचं. पेट्रोलचा कॉक बंद, काढलेला प्लग कार्बोरेटरपासून लांब हेडला टेकवलेला, आणि किक मारताना नजर पॉइंटवर. तिथं मोठी पांढुरकी ठिणगी दिसली तर संशय कंडेन्सरवर. आमच्या इथं वेल्डिंगसारखा उजेड पडला. लगेच चांगला कंडेन्सर घेतला, त्याची वायर पॉइंटला जोडली, बॉडी घासलेल्या फ्रेमवर अर्थ केली. गरम गाडी पहिल्या किकला सुरू! नाही झाली असती तर पुढचा नंबर कॉइलचा होता, कारण तीसुद्धा गरम झाल्यावरच दगा देते.

मग नवा कंडेन्सर आम्ही डायनामोवर बसवलाच नाही. टाकीखाली, वारा लागेल असा, बाहेर बसवला. एका जेवणाच्या पैशात काम झालं. एक मात्र सांगतो, दुकानातला नवा म्हणजे चांगलाच असतो असं नाही. आम्हाला पहिला मिळाला तो पेटीतनंच मेलेला होता. घेताना दोन घ्या.

पॉइंट साफ केल्यावर फट बघा, साधारण 0.4 मिलिमीटर. फट बदलली की टायमिंग बदलतं हे लक्षात ठेवा. फट वाढली तर पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढं जातं. पॉइंटची टाच झिजली तर उलटं. म्हणून आधी फट, मग टायमिंग. 6 व्होल्टचा बल्ब पॉइंट आणि अर्थ यांच्यात लावा, चावी चालू करा, इंजिन हातानं हळू फिरवा. बल्ब पेटला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडला. पिस्टन वरच्या टोकाच्या किती मिलिमीटर आधी हे व्हायला पाहिजे, तो आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकातनं घ्या, माझ्याकडनं नको. चावी चालू ठेवून चहाला जाऊ नका, कॉइल तापते.

आता भावाची बाजू. रानात उड्या मारायच्या तर बॅटरी हा नसता ताप आहे. वजन वाढतं, आणि हादऱ्यानं आतल्या प्लेटा ढिल्या होतात. चुंबक फिरवून स्वतःच करंट तयार करणारं सीडीआय ठिणगीसाठी बॅटरी मागत नाही, त्यात झिजायला पॉइंट नाही. रानातल्या गाडीला मी स्वतः तेच टाकेन. फक्त चालू असताना प्लगची वायर हातात धरायची हौस करू नका, आणि वायर मोकळी सोडून किकही मारू नका. झटका जबर बसतो आणि युनिटही जळू शकतं. जुना डायनामो, कव्हर, स्क्रू डब्यात घालून नाव लिहून ठेवा. परत हवा झाला की शोधत फिराल.

तोडगा असा निघाला की काकांची गाडी पॉइंटवरच राहणार. भावानं सोलापूरच्या भंगारातनं एक अर्धवट येझदी आणलीय, टाकी नाही, सीट नाही, इंजिन जाम. ती फक्त रानासाठी, रस्त्यावर नाही. सीडीआय तिला बसणार. काकांनी येऊन बघितली, एकदा दांडी दाबून बघितली आणि म्हणाले, "आधी क्रँकचे सील बदला, मग करंटचं बघा." पुढच्या भागात तेच, सील.