काटा एकच हवा, पण रान बघून

आम्ही घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत शिकवणाऱ्या शिक्षिका. आज लेकरांच्या परीक्षांबद्दल बोलू.

दोन गोष्टी सारख्या वाटतात, पण वेगळ्या आहेत. पहिली, कोणत्या इयत्तेत लेकराला काय यायला हवं हे ठरवणं. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात ठरलं आहे, की तिसरी संपेपर्यंत लेकरानं मिनिटाला ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या लिहाव्यात, वाचाव्यात. हे आम्हाला मनापासून मान्य आहे. मुंबईच्या लेकराला जे यायला हवं, तेच कोलाम पोडावरच्या आणि तांड्यावरच्या लेकरालाही यायला हवं. ‘यांना एवढंच पुरे’ असं कोणी म्हणू नये.

दुसरी गोष्ट, सगळ्यांना एकच छापील पेपर. कापसाचा काटा सगळ्यांसाठी एकच असावा, हे खरंच. पण काटा फक्त वजन सांगतो. पाऊस दडी मारून बसला की बोंडअळी आली, हे तो सांगत नाही. पेपरचंही तसंच. घरी कोलामी किंवा गोरमाटी बोलणारं लेकरू मराठी प्रश्नावर अडतं. वेचणीच्या दिवसांत धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिलेल्या पोरीचे धडे बुडालेले असतात. गुणांच्या तक्त्यात यातलं काही दिसत नाही.

म्हणून चाचणीच नको, असं आम्ही म्हणत नाही. चाचणी नसली तर वाचता न येणारं लेकरू वर्गामागून वर्ग चढत जातं आणि कोणाला कळतही नाही. पण चाचणीनंतर त्या लेकराला शिकवायला वेळ हवा. नुसते आकडे भरून शाळांची रांग लावली, तर शिकवणं मागे पडतं आणि पेपरचा सराव तेवढा उरतो.

आता हे आणखी महत्त्वाचं झालं आहे. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा परीक्षा, त्यातही नापास झालं तर तोच वर्ग. मागे राहिलेल्या पोरीची शाळा सुटायला वेळ लागत नाही, हे आपण सगळ्या जाणतो.

मग काय करायचं? गटाच्या बैठकीचं इतिवृत्त लेकराकडून वाचून घ्या, बचतीचा हिशेब करायला लावा. काय येतं, कुठं अडतं, लगेच कळेल. शाळेत आल्यावर ‘किती मार्क?’ एवढंच विचारू नका. ‘काय येत नाही, आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात काय करणार?’ हे विचारा. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असतात. तिथं फक्त सही करून उठू नका. हाच प्रश्न तिथंही विचारा. तुम्ही विचारलंत, की आम्हालाही वर बोलायला बळ येतं.