जिंकलास का?

नातू 'माइनक्राफ्ट' खेळत होता. विचारलं, "जिंकलास का रे?" म्हणाला, "नाना, मी घर बांधतोय." मी चपापलो. "शायरीतून मिळतं काय?" हा अब्बांचा प्रश्न मला आयुष्यभर बोचला, तोच मी त्याला विचारत होतो.

२००९ मध्ये स्वीडनमधला हा खेळ अपुराच लोकांपुढे आला. खेळणारे सुचवत गेले, तो घडत गेला. २०११ मध्ये त्यात ड्रॅगन आला. ध्येय हवं त्यानं तो मारावा. नको त्यानं बांधत राहावं. ड्रॅगन मेला, की पडद्यावर ज्युलियन गॉफ यांची दीर्घ कविता सरकते आणि खेळाडू आपल्याच जगात परततो. खेळ संपत नाही.

आता मी एवढंच विचारतो, "आज काय बांधलंस?"